१९५१ चा पिकअप हंपीला नेताना: एका तयारीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण दादरच्या एका कुटुंबाचे आणि त्यांच्या १९५१ सालच्या शेवरोले पिकअपचे आहे. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ ते १९५४ चालला. अमेरिकेहून सुटे भाग पेट्यांतून येत आणि इथे गाड्या जुळवल्या जात. हा पिकअपही तिथलाच. मालकांच्या आजोबांनी तो छापखान्यासाठी घेतला. कागदाची रिमे गोदीजवळच्या गोदामातून आणायची आणि छापून झालेले गठ्ठे पोचवायचे, एवढेच त्याचे काम. छापखाना बंद झाला, तरी गाडी विकली गेली नाही.

मालक आता साठीच्या पुढे आहेत. त्यांची मुलगी नोकरी करते, पण शनिवार-रविवार गाडीच्या कामाला देते. गाडीचे काम पाहणारे उस्ताद मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. नागपाड्यात त्यांचे छोटे गॅरेज आहे आणि जुन्या अमेरिकन गाड्यांवर त्यांची हयात गेली आहे. गाडीला पंचाहत्तर वर्षे होताहेत, तर तिला एकदा लांब न्यायचे, असे मालकांच्या मनात होते. मार्ग ठरला मुंबई, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, होस्पेट आणि हंपी. परतताना बेळगावहून आंबोली घाट उतरून सावंतवाडी आणि कोकणातून मुंबई. एकूण अंतर सुमारे १६०० किलोमीटर. आखणीत आणि चाचण्यांत मी सुरुवातीपासून होतो, आणि प्रवासात मागच्या गाडीत.

नावे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. गाडीबद्दलचे तपशील मात्र आहेत तसे ठेवले आहेत, कारण अशा गाड्या बाळगणाऱ्यांना त्यांचाच उपयोग होईल.

अडचण नेमकी कुठे होती

गाडी दिसायला उत्तम होती. रंग ताजा, क्रोम चकचकीत, हौद्यातल्या लाकडी फळ्या नव्याने पॉलिश केलेल्या. दरवर्षी ती दक्षिण मुंबईतल्या एखाद्या रॅलीत जायची आणि कौतुक घेऊन परत यायची. त्यामुळे किरकोळ सर्व्हिसिंग केले की निघता येईल, असे घरच्यांना वाटत होते.

मला तसे वाटत नव्हते. रॅलीत गाडी सकाळच्या थंड हवेत, सपाट रस्त्यावर, रिकाम्या हौद्याने वीस-पंचवीस किलोमीटर चालते. एवढ्या अंतरात गिअरबॉक्सचे तेल धड गरमसुद्धा होत नाही. ब्रेक सलग पाच मिनिटे दाबून ठेवायची वेळ येत नाही. टाकीतले पेट्रोल तळापर्यंत जात नाही, म्हणून तळाचा गाळ हलत नाही. लांबच्या रस्त्यावर या सगळ्याची कसोटी एकाच दिवशी लागते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लागते. रॅलीची गाडी वेगळी आणि रस्त्याची वेगळी, हे घरच्यांना पटवण्यातच सुरुवातीचे काही आठवडे गेले. पटवले अखेर उस्तादांनी. त्यांनी मागचे एक चाक उतरवून ड्रम काढला आणि आतला, ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर दाखवायला मालकांना बोलावले. "काका, या व्हील सिलिंडरचा एक पिस्टन जाम आहे. तुम्ही किती वर्षं तीन चाकांच्या ब्रेकवर फिरताय ते बघा."

या गाडीच्या काही मर्यादा मुळातल्याच आहेत. सहा सिलिंडरचे २१६ घन इंचांचे, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचे इंजिन. ताकद ९२ अश्वशक्ती. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल (एक मऊ मिश्रधातू) ओतलेले असते, आणि त्या बेअरिंगांना तेल दाबाने नाही तर उडवून मिळते. रॉडच्या टोकाचा चमचा चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यातल्या, तेलात बुडतो आणि तेल घेतो. मागच्या अॅक्सलचे गुणोत्तर ४.११ आहे. ६.००-१६ च्या टायरवर ताशी ६५ किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २००० फेरे घेते, आणि ताशी १०० ला ३००० च्या वर. इंजिन ते काही मिनिटे सोसेल, पण दिवसभर नाही. ब्रेक हायड्रॉलिक आहेत, पण सर्किट एकच. कुठेही पाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय मुलीने मांडला. गाडी फ्लॅटबेडवर चढवून होस्पेटपर्यंत न्यायची आणि हंपीच्या परिसरात दोन दिवस चालवायची. यात धोका सर्वांत कमी होता. मालकांनी तो लगेच नाकारला. त्यांना गाडी पोचवायची नव्हती, चालवत न्यायची होती. प्रवासाचा हेतूच तो असेल तर हे कारण पुरेसे आहे, असे मी मानतो.

दुसरा पर्याय गाडी बदलण्याचा होता. डिझेल इंजिन, नवा गिअरबॉक्स, पुढे डिस्क ब्रेक, बारा व्होल्टची वायरिंग. आपल्याकडे जुन्या अमेरिकन गाड्यांना डिझेल इंजिने बसवण्याची पद्धत जुनी आहे. महाग पेट्रोलच्या काळात कित्येक गाड्या त्यामुळेच तगल्या, म्हणून या पर्यायाला मी नावे ठेवणार नाही. पण या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) बंद नळीत आहे आणि ती नळी मागच्या अॅक्सलला घट्ट जोडलेली आहे. गिअरबॉक्स बदलायचा म्हटला की नळी, अॅक्सल, माउंटिंग असे सगळेच बदलावे लागते. शिवाय इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. आणि शिवडीत जुळलेल्या, मूळ इंजिनासह शाबूत असलेल्या गाड्या आता फारशा राहिलेल्या नाहीत.

तिसरा पर्याय स्वीकारला. गाडी मूळची ठेवायची, झिजलेले सगळे दुरुस्त करायचे आणि तिच्या वकुबाप्रमाणे रस्ता, वेग आणि ऋतू निवडायचा. कमाल वेग ताशी ६५. दिवसाला २५० किलोमीटरपेक्षा जास्त नाही. अंधारात चालवायची नाही. मागे आधुनिक गाडी कायम. सुट्टी पाहून मालकांनी आधी मे महिना धरला होता, तो बदलून जानेवारी केला. माझ्या मते साऱ्या तयारीतला सर्वांत मोलाचा निर्णय हाच, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही.

वेगाबद्दल एक जाता जाता. ताशी ६५ ने महामार्गावर गाडी अडथळा होईल, अशी भीती होती. तसे होत नाही. भरलेले ट्रक साधारण त्याच वेगाने जातात. डाव्या लेनमध्ये त्यांच्या रांगेत राहिले की कोणालाही त्रास होत नाही.

कागदपत्रे

यात एक निर्णय जवळपास उलटा झाला होता. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या खासगी गाड्यांना नंबरात 'व्हीए' अक्षरे असलेली खास पाटी मिळते. पाटीचा मान मोठा, म्हणून मालकांनी अर्ज भरून ठेवला होता.

नियम नीट वाचल्यावर लक्षात आले, की अशी नोंदणी असलेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल, आणि रॅलीला किंवा प्रदर्शनाला जाणे-येणे, एवढ्यालाच मुभा आहे. घरच्यांनी घरच्यांसाठी काढलेला हंपीचा प्रवास त्यात बसत नाही. गाडीची जुनी खासगी नोंदणी चालू होती, पर्यावरण कर भरून नूतनीकरण होत आले होते. तीच ठेवायचे ठरले. पीयूसी नव्याने काढली आणि विम्याच्या कागदांवरचे चेसिस व इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहिले. जुन्या गाड्यांच्या कागदांत एखादा आकडा चुकीचा उतरलेला असतो, आणि तो परराज्यात, नाक्यावर उघडकीला येतो.

प्रत्यक्ष काम

काम पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाले. क्रम उस्तादांनी ठरवला: ब्रेक, टायर, स्टिअरिंग, इंधन, पाणी, वीज, आणि सगळ्यांत शेवटी इंजिन. मालकांना इंजिनापासून सुरुवात हवी होती. उस्तादांचे म्हणणे साधे होते. इंजिन बंद पडले तर गाडी थांबते, आणि थांबलेल्या गाडीतून माणूस खाली उतरतो.

ब्रेकचे चारही ड्रम उघडले. व्हील सिलिंडरना आतून खड्डे पडले होते. रबरी होज बाहेरून ठीक दिसत होते, पण आतून फुगून वाट अरुंद झाली होती. अशा होजमुळे ब्रेक दाबला जातो, पण सुटताना तेल मागे येत नाही आणि लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारा थर) घासत राहतो. सिलिंडरना लेथवर स्लीव्ह बसवून घेतले. सर्व पाइप नवे टाकले. रबर किट परदेशातून मागवले. या गाडीचे भाग अमेरिकेत आजही नव्याने बनतात, पण कस्टममधून सुटायला वेळ लागतो, म्हणून ती मागणी पहिल्याच आठवड्यात नोंदवली होती.

इथेच खरा मतभेद झाला. मुलीचा आग्रह होता की मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा) दुहेरी सर्किटचा बसवावा, म्हणजे एक बाजू गेली तरी दुसरी राहील. या गाडीत मास्टर सिलिंडर केबिनच्या तळाशी, पायाखाली असतो. दुहेरी बसवायचा तर ब्रॅकेट कापून नवे करावे लागले असते आणि पेडलची ओढ बदलली असती. उस्ताद म्हणाले, "ताई, नवीन पाइप, नवीन होज, नवीन किट. फुटणार काय?" मालकांना कापाकापी नको होती. शेवटी मूळ सिलिंडरच स्लीव्ह करून ठेवला आणि त्याच्या जोडीला हँडब्रेकची केबल नवी करून तो खरोखर गाडी थांबवील असा केला. त्याआधी तो नुसता शोभेचा होता. या निर्णयाकडे पुढे परत येतो.

टायरची गोष्ट वेगळी सांगायला हवी. ६.००-१६ हे जीपचे माप, त्यामुळे ते आपल्याकडे सहज मिळते. पण ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचेही हेच माप असते. एका दुकानात मालकांना तसेच टायर स्वस्तात दाखवले गेले. रिमवर ते व्यवस्थित बसतात, दिसायलाही भरदार असतात. पण ते शेतातल्या आणि गावरस्त्याच्या वेगासाठी बनवलेले असतात. महामार्गावर तासन् तास ६५ ने चालवले तर तापून फाटू शकतात. टायरच्या बाजूवर वेगाची आणि भाराची जी अक्षरे असतात, ती वाचूनच घ्यायला हवेत. गाडीवरचे जुने टायर नक्षीने कोरे वाटत होते, पण रबर कडक होऊन खोबणींत चिरा पडल्या होत्या. पाचही टायर, पाचही ट्यूब आणि फ्लॅप नवे घेतले.

किंगपिन (पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खिळी) आणि बुश बदलले. स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल नवे केले. नट-बोल्ट, क्लिपा, बेअरिंग यांसाठी नागदेवी स्ट्रीट, वायर आणि फ्यूजसाठी लोहार चाळ, आणि जिथे भाग मिळतच नाही तिथे कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार. या शहरात जुनी गाडी जिवंत ठेवता येते ती या गल्ल्यांमुळे. हे मी मनापासून लिहितो आहे, कारण हळूहळू तिथली जुनी दुकाने कमी होत चालली आहेत.

इंधनाचा प्रश्न नव्या काळाचा आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. या इंजिनाचे कॉम्प्रेशन जेमतेम ६.६ आहे, त्यामुळे ऑक्टेनची काळजी नव्हती. काळजी होती रबराची. जुने रबर इथेनॉलने मऊ पडते, टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सुटतो, आणि टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल ते ओढून घेऊन तळाला बसू शकते. टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ओढणाऱ्या एसी बनावटीच्या पंपाचा डायफ्रॅम आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवल्या. मिश्रण पातळ पडत होते, प्लग पांढुरके येत होते, म्हणून कार्बोरेटरचा मेन जेट एक माप मोठा केला. या गाडीत पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनमध्येच असते. त्यामुळे फ्लोटच्या झाकणाखालचे गॅस्केट बदलणे हे केबिनमधल्या माणसांच्या सुरक्षिततेचे काम होते. टाकी मात्र तेव्हा उतरवली नाही. ती नंतर उतरवावी लागली.

विजेला सहा व्होल्टच ठेवले. सहा व्होल्टची बदनामी बरीचशी बारीक केबल आणि गंजलेल्या अर्थिंगमुळे झाली आहे. जाड केबल टाकली, अर्थिंग घासून बसवले, तेव्हा पायाने दाबायचा सेल्फ पहिल्या दाबाला फिरू लागला. मागून येणाऱ्याला गाडी दिसावी म्हणून हौद्यात वेगळी बारा व्होल्टची बॅटरी ठेवून तिच्यावर मागचे लुकलुकणारे एलईडी दिवे लावले. फाळक्यावर परावर्तक पट्ट्या चिकटवल्या.

इंजिनाबाबत मालक घाबरले होते. गरम इंजिनावर तेलाच्या दाबाचा काटा १३ पौंडांवर दिसत होता, आणि आधुनिक गाडीत ४० बघायची सवय. पूर्ण इंजिन उतरवून व्हाइट मेटल नव्याने ओतून घ्यावे, असे त्यांच्या एका परिचिताने सुचवले. पण या इंजिनाच्या गेजचा शेवटचा आकडाच ३० आहे. त्याला कमी दाब पुरतो. उस्तादांनी चेंबर उतरवला, तळाचा काळा गाळ काढला, तेल उडवणाऱ्या नोझलचा रोख तपासला आणि प्रत्येक रॉडची ढिलाई मोजली. दोन रॉडच्या टोप्यांखालची एकेक शिम (पातळ पत्र्याची पट्टी) काढल्यावर माप बसले. इंजिन उघडायचे नाही असे ठरले. चालत्या व्हाइट मेटलला हात लावू नये, ही उस्तादांची भूमिका मला पटली. नव्याने ओतून देणारे कारागीर आता इतके थोडे उरले आहेत की काम बिघडले तर वर्ष गेले असते.

चाचणीच्या फेऱ्या

पहिली चाचणी पहाटे ठाणे, भिवंडी, शहापूर मार्गे कसारा घाटापर्यंत होती. घाट लागायच्या आधीच गाडी ओढेनाशी झाली. एसी पंपाच्या काचेच्या वाटीत तांबूस पूड साठली होती. वाटी धुऊन पुढे निघालो, थोड्या अंतराने पुन्हा तेच. इथेनॉलने टाकीतला गंज सोडवला होता. तिथूनच परत फिरलो.

टाकी उतरवली तेव्हा तळाला लाल चिखल होता. तीन मार्ग होते: आतून लेप देणे, नवी टाकी बनवून घेणे, किंवा नुसती साफ करणे. लेप इथेनॉलमध्ये टिकेल याची खात्री कोणी देईना, आणि सुटला तर त्याचे पापुद्रे पाइपात जाणार. टाकीचा पत्रा जाड आणि शाबूत होता. म्हणून आत साखळ्या घालून खळखळवली, गंज काढणाऱ्या आम्लाने धुतली, वाळवली, आणि पंपाच्या आधी एक जास्तीचा फिल्टर टाकला.

दुसरी चाचणी हौद्यात वाळूच्या गोण्या भरून, पनवेल आणि खोपोलीवरून जुन्या रस्त्याने बोर घाट चढून लोणावळ्यापर्यंत. सामान, सुटे भाग आणि माणसे यांचे जेवढे वजन होणार, तेवढेच भरले होते. चढताना पाण्याचा काटा वर गेला, पण थांबला. खरी अडचण घाटातल्या खोळंब्यात आली. जागेवर उभी असताना पाणी उकळले. रेडिएटर आधीच उघडून सळया मारून साफ केला होता, इंजिन ब्लॉकही धुतला होता. दोष हवेचा होता. पंखा रेडिएटरपासून लांब आहे आणि भोवती आडोसा नाही, त्यामुळे गाडी उभी असताना तो हवा आजूबाजूचीच फिरवतो. पंख्याभोवती पत्र्याचा गोल आडोसा बनवून घेतला. पुढच्या खेपेला तशाच खोळंब्यात काटा उकळीच्या खाली राहिला. उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये, तीव्र उतारावर दुसऱ्यात, ब्रेक थोडा थोडा आणि सोडून सोडून. पेडल शेवटपर्यंत कडक होते.

दर चाचणीनंतर यादीप्रमाणे तपासणी व्हायची: इंजिन ऑइल, पाणी, ब्रेक ऑइल, टायरची हवा, चाकाच्या हबचा गरमपणा, फॅन बेल्ट. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (मागच्या अॅक्सलमधली गिअरची पेटी) यांच्या तेलाची पातळी या यादीत नव्हती. काम करताना दोन्हीत नवे तेल भरले होते, म्हणून ती बाब संपली असे सगळ्यांनी धरले.

प्रवास

जानेवारीत उजाडता उजाडता निघालो. पहिला मुक्काम सातारा, दुसरा बेळगाव, तिसरा होस्पेट. खंबाटकी घाट दुपारी चढला, काटा ठीक राहिला. निपाणीपुढच्या तवंदी घाटातही काही झाले नाही. दर तासाला दहा मिनिटे थांबायचे, चारही हबना हात लावून पाहायचे, हा नियम मुलीने एकदाही मोडू दिला नाही. पेट्रोल लिटरला सहा किलोमीटरच्या आसपास लागत होते, म्हणून टाकी अर्धी झाली की भरायची.

हंपीतल्या दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली. ब्रेक ऑइलची असावी असे आधी वाटले. वास घेतल्यावर गिअर ऑइल असल्याचे कळले. डिफरन्शियलचा भरण्याचा बोल्ट सैल करताच तेल धारेने बाहेर आले. गिअरबॉक्सचा बोल्ट काढून बोट घातले, तर तेल लागेचना.

या बनावटीच्या गाड्यांचा हा माहीत असलेला आजार आहे. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचे बुश आणि सील झिजले, की तेल प्रोपेलर शाफ्टच्या बंद नळीतून मागे उतरते आणि डिफरन्शियलमध्ये जमा होते. तिथे पातळी वाढली की ते अॅक्सलच्या सीलमधून ब्रेकच्या ड्रममध्ये शिरते. गार, घट्ट तेल उतरत नाही. तासन् तास चालून ते पातळ झाले की उतरते. डिफरन्शियलचा ब्रीदरही (आतला दाब बाहेर सोडणारे छिद्र) मातीने बुजलेला निघाला, त्यामुळे आतला दाब तेलाला बाहेर ढकलत होता. मुंबईतल्या चाचण्या अर्ध्या दिवसाच्या होत्या. एवढ्यात हे दिसणे अवघड होते.

तीन वाटा होत्या. लायनर पेट्रोलने धुऊन पुढे जाणे, गाडी फ्लॅटबेडवर घालून मुंबईला नेणे, किंवा तिथेच काम करून घेणे. धुऊन जाण्याला मी ठाम विरोध केला. लायनरमध्ये तेल मुरले की ते वरून धुतल्याने जात नाही. गरम झाले की पुन्हा वर येते, आणि मग एका चाकाचा ब्रेक लागतो, दुसऱ्याचा सुटतो.

होस्पेट हे लॉऱ्यांचे गाव आहे. सांडूर आणि बळ्ळारीच्या लोहखनिजाची वाहतूक तिथून चालते, त्यामुळे ट्रकचे काम करणारी गॅरेजे भरपूर. एका गॅरेजवाल्याने व्हर्नियरने अॅक्सलच्या सीलचे माप घेतले आणि त्याच मापाचे सील बाजारातून आणून दिले. मागच्या दोन्ही चाकांच्या शूंवर नवे लायनर रिवेट मारून बसवले. कन्नड आम्हाला येत नव्हते, त्यांना मराठी थोडे येत होते. सुटा भाग हातात धरला की काम समजत होते. एक दिवस त्यात गेला.

मग मोठा प्रश्न उरला: आंबोली उतरायची की नाही? मालकांना कोकणातून परतायचे होते. आजोबांचे गाव वाटेत लागत होते, त्यांनी तिथे कळवूनही ठेवले होते. मुलगी सुरुवातीला त्यांच्या बाजूने होती. उस्तादांना फोन लावला. ते म्हणाले, "सील नवीन आहे ते मागचं. तेल येतंय पुढून. ते थांबलेलं नाही, थांबलंय असं समजू नका." आंबोली म्हणजे लांबलचक सलग उतार, लायनर अजून ड्रमवर बसलेले नाहीत, आणि सर्किट एकच. एवढे मुद्दे मांडल्यावर मुलीनेच मत बदलले. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी गावाला फोन करून येत नसल्याचे सांगितले. त्यांना ते किती जड गेले ते मी पाहिले आहे. तो निर्णय त्यांनी घेतला याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

परतीचा रस्ता आलो तोच धरला. दर शंभर किलोमीटरला थांबून डिफरन्शियलमधले जास्तीचे तेल काढायचे आणि गिअरबॉक्समध्ये नवे भरायचे. बोर घाट टळणार नव्हता. म्हणून लोणावळ्याला मुक्काम केला, दोन्ही पातळ्या तपासल्या, आणि पहाटे रहदारी वाढायच्या आत, ब्रेक पूर्ण गार असताना, घाट उतरलो.

परिणाम

गाडी स्वतःच्या चाकांवर गेली आणि आली. इंजिन, पाणी, वीज, टायर यांची एकही तक्रार आली नाही. कोकणाचा भाग राहिला. खर्चाचा निम्म्याहून मोठा वाटा ब्रेक आणि टायरवर गेला होता, आणि तो योग्यच होता असे मालक आज म्हणतात.

पुन्हा करायचे तर

दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवायला हवा होता. पाइप नवे असले तर फुटणार नाहीत, हा उस्तादांचा मुद्दा खरा ठरला. तरीही आंबोलीचा निर्णय घेताना जी एक गोष्ट सर्वांच्या मनावर दडपण आणत होती, ती म्हणजे एकच सर्किट. पायाखालचा ब्रॅकेट कोणाला दिसत नाही. तो जपून ठेवून नवा शेजारी बसवता येतो, आणि पुढे कोणाला मूळ रूप हवे असेल तर परत लावता येतो. मूळपण जपण्याचा आग्रह मलाही आहे, पण ब्रेकपाशी तो थांबायला हवा.

चाचण्यांत एक फेरी सलग दोन दिवसांची, मुक्कामासह असायला हवी होती. नाशिकला जाऊन दुसऱ्या दिवशी परतले असते, तरी तेल मागे उतरल्याचे घरीच कळले असते. आणि टाकी पहिल्याच महिन्यात उतरवायला हवी होती. इथेनॉल जुना गंज सोडवते हे माहीत असताना, नव्या नळ्या जुन्या टाकीला जोडल्या गेल्या.

याउलट तीन गोष्टी जशाच्या तशा करीन: जानेवारी, ६५ चा वेग आणि इंजिन न उघडणे.

आता गाडी पुन्हा नागपाड्यात आहे. प्रोपेलर शाफ्टची नळी उतरवली आहे. पुढचे बुश झिजलेले निघाले, नवे लेथवर बनते आहे. मुलीने मास्टर सिलिंडरचे माप घेऊन ब्रॅकेटचे चित्र काढले आहे आणि उस्तादांनी या वेळी हरकत घेतलेली नाही. तपासणीच्या यादीत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि ब्रीदर अशा तीन ओळी वाढल्या आहेत. आधी नाशिकची मुक्कामी फेरी होईल. तिथून परतल्यावर दोन्ही पातळ्या जागेवर असल्या, तर पावसाळा संपल्यावर आंबोलीमार्गे आजोबांच्या गावी जायचे ठरले आहे.